उजवीकडचं स्टिअरिंग

माझी पुतणी ईरा हिच्याशी आम्ही मराठीत बोलायचं आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, असा घरातला अलिखित करार. त्या सकाळी माझ्या एश्बॉर्नच्या ऑफिसात तिचा फोन आला आणि ती चक्क मराठीत म्हणाली, "काका..." पुढचं तिने सांगायच्या आधीच मला कळलं होतं. श्रीकांतदादा, माझा चुलतभाऊ आणि तिचा बाबा, गॅरेजमधून घरी येऊन सोफ्यावर टेकला तो उठलाच नाही.

दादा न्युरेम्बर्गला गिअरबॉक्स डिझाइन करायचा. पन्नाशी उलटल्यावर त्याने इंग्लंडहून सुट्या भागांची स्पोर्ट्स कार मागवली. खोकी घरी येतात, गाडी आपण जोडायची. तिसरं खोकं उघडल्यावर लक्षात आलं, स्टिअरिंग उजवीकडचं! सतरा वर्षं जर्मनीत डावीकडे बसून गाडी चालवणाऱ्या माणसाने फॉर्मवर बिनदिक्कत 'उजवीकडे' अशी खूण केली होती. "अरे, खटकलंच नाही," तो म्हणाला, "डोळ्यांसमोर पुण्यातली गाडी होती ना." वहिनी म्हणाल्या, "अहो, बरं झालं, विमान नाही मागवलंत."

आता या चुकीचं काय करायचं, तर दादाच्या डोक्यात स्लालोम आलं. मोटर क्लबची हौशी मंडळी रविवारी रिकाम्या पार्किंगमध्ये केशरी शंकू मांडतात आणि एका वेळी एकच गाडी त्यांच्यामधून नागमोडी पळते, शर्यत फक्त घड्याळाशी. समोरून कोणी येत नाही, कुणाला ओव्हरटेक करायचं नाही; स्टिअरिंग कुठे का असेना. पण ही अर्धवट गाडी त्या शर्यतीला चालेल, की दिवे, काच वगैरे लावून तिला रस्त्यावरचा परवाना, ते त्सुलासुंग, मिळवावं? हा प्रश्न त्याने मला विचारला. वायपरचं पाणी भरणं ही माझ्या यंत्रज्ञानाची कमाल. पण 'मला कळत नाही' म्हणायची लाज वाटली, म्हणून मी म्हणालो, "आधी निकष ठरवू. एक्सेल करू."

तिथेच घोळ झाला. पुढची चार वर्षं मी न्युरेम्बर्गला गेलो की जेवणाआधी एक्सेल. वजन, टायरची रुंदी, किती जागेत वळते... दादा एकेक भाग बाथरूममधल्या काट्यावर ठेवून वजन करायचा. एवढं करून निकाल कायम पाचपैकी तीन. ना हो, ना नाही. तो वैतागायचा, मी त्याहून वैतागायचो, आणि दर वेळी आणखी एक रकाना वाढवायचो. शेवटच्या भेटीत तो म्हणाला, "तू एकदा नुसतं हो म्हण रे, मी जातो." मी काय म्हणालो असेन? "ब्रेकचे आकडे भर आधी."

दादा गेल्यावर महिन्याभराने गॅरेज रिकामं करायची वेळ आली. गाडी द्यायची की ठेवायची, ते वहिनींनी ठरवायचं होतं. क्लबमधले क्लाउस नावाचे गृहस्थ बघायला आले. शर्यतीच्या कामाची असेल तर अख्खी नेणार, नसेल तर सुटे भाग. ते गाडीखाली वाकले, चाकं हलवून पाहिली, फार तर पाच मिनिटं. "गेनाऊ," अगदी बरोबर, ते उठून म्हणाले. अशीच हलकी, बुटकी गाडी लागते, मग श्रीकांत आला का नाही कधी? चार वर्षं आणि बावीस रकाने.

"भाऊजी, द्यायच्या आधी एकदा बसते," वहिनी म्हणाल्या. पुण्यात त्या गाडी चालवायच्या, इथे आल्यापासून कधीच नाही. सवयीने त्या दादाच्या शेजारच्या, म्हणजे उजव्या बाजूला गेल्या, पदर सावरत आत उतरल्या, आणि पट्टा शोधायला पुढे केलेला हात स्टिअरिंगवर पडला. डावीकडची सीट रिकामी होती. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, मग दुसराही हात स्टिअरिंगवर ठेवला.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "या क्लाउसना विचारा, ते शंकू किती अंतरावर ठेवतात."