आउटपुट मॅच होत नाही

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये तीस कॉम्प्युटर होते आणि प्रत्येकाच्या कपाळावर 'लिनक्स' लिहिलेली चिकटपट्टी होती. आत मात्र विंडोजच होतं. विंडोजसारखंच पण फुकट मिळणारं हे लिनक्स कधीकाळी टाकलं होतं म्हणे, पण त्याचा पासवर्ड ज्यांना माहीत होता ते लॅब असिस्टंट निवृत्त होऊन गावी गेले आणि जाताना पासवर्डही घेऊन गेले. चिकटपट्टी काढायचा अधिकार कुणाकडेच नसल्यामुळे ती राहिली. ऑपरेटिंग सिस्टिम या विषयाचं प्रॅक्टिकल आम्ही या लॅबमध्ये सहा महिने केलं, म्हणजे एसीत बसलो.

तरी सगळ्यांची जर्नलं पूर्ण होती. जर्नल म्हणजे प्रयोगवही. त्यात प्रयोगाचा हेतू लिहायचा, प्रोग्रॅम लिहायचा आणि शेवटी आउटपुट, म्हणजे प्रोग्रॅम चालल्यावर पडद्यावर जे उमटलं त्याचं चित्र छापून चिकटवायचं. त्यावर सरांची सही. सगळ्या सह्या झाल्या की पहिल्या पानावर सर्टिफिकेट. ते नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत, आणि परीक्षा हुकली की वर्ष गेलं. चार वर्षांत आम्ही जे काही शिकलो ते या सहीभोवती फिरत शिकलो.

लिनक्सच्या पडद्यावर आपण आज्ञा लिहितो त्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला त्या कॉम्प्युटरचं नाव आपोआप उमटतं. आमच्या वर्गातल्या साठच्या साठ जर्नलांत ते नाव 'टायगर' होतं. टायगर हा कुणा सीनियरचा कॉम्प्युटर. तो सीनियर कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्याने एकदा सगळे प्रयोग केले होते आणि तेव्हापासून दरवर्षी तीच पानं झेरॉक्सच्या दुकानातून निघत होती. झेरॉक्सवाल्याला तर फक्त विषय सांगायचा, तो आपणहून विचारायचा, "टायगरवाला ना?"

या टायगरच्या पाचव्या प्रयोगात एक चूक होती. कॉम्प्युटरकडे कामं, म्हणजे प्रोसेस, रांगेत येतात तेव्हा प्रत्येक कामाला सरासरी किती वेळ थांबावं लागलं, हे त्या प्रयोगात काढायचं होतं. टायगरचं उत्तर होतं उणे तीन. म्हणजे रांगेत येऊन उभं राहायच्या आधीच नंबर लागलेला. मुंबईत असं फक्त नगरसेवकाच्या भाच्याचं होतं. पण ते उत्तर वर्षानुवर्षं छापलं जात होतं, त्यावर सह्या होत होत्या आणि तोंडी परीक्षेत कुणी 'उणे तीन' म्हटलं की सर मान डोलवायचे.

मला काही तत्त्वं होती अशातला भाग नाही. माझा संताप होत होता, एवढंच. एका रविवारी दुपारी मी घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, मावसभावाने टाकायला काढलेल्या कॉम्प्युटरवरचं विंडोज पुसून टाकलं आणि लिनक्स घालायला बसलो. ते घालताना एकेक प्रश्न येत होता. आपण कुठे राहता? कीबोर्ड कोणता? मी सरकारी फॉर्म भरल्यासारखा घाबरत उत्तरं देत होतो. मग आलं, या कॉम्प्युटरचं नाव काय? नेमकी तेव्हाच स्वयंपाकघरातून आईची तिसरी हाक आली, "जेवूक ये!"

आई मालवणकडची. लग्न होऊन घाटकोपरला आली त्याला तेव्हाही पंचवीस वर्षं झाली होती, पण ताट वाढल्यावर तिच्या तोंडून मराठी येत नसे, मालवणीच येई. मला दुसरं काही सुचेना. मी रोमन अक्षरांत सलग टाइप केलं, 'जेवूकये'. कॉम्प्युटरने ते बिनतक्रार स्वीकारलं. मी मात्र जेवायला गेलो तेव्हा वालाची उसळ थंडगार झाली होती आणि त्यावरून व्हायचं ते बोलणं झालं.

पुढचा महिना माझी वाट लागली. आवाज गेला. वायफाय गेलं. प्रिंटरने ओळख दाखवायचंच सोडून दिलं. प्रत्येक अडचणीवर इंटरनेटवर कुणीतरी उपाय लिहून ठेवलेला असे आणि त्याच्या खाली दुसऱ्याने, असं केल्यामुळे माझं सगळं गेलं, असंही लिहिलेलं असे. घरचे विचारायचे, चांगलं चालत होतं ते मोडलंस कशाला? तेव्हा मी भाषण द्यायचो. नवीन धर्म घेतलेल्या माणसाइतका मी त्या काळात असह्य होतो. आई तांदूळ निवडत असायची आणि मी तिला सांगायचो, "आई, हा कॉम्प्युटर आपणहून काहीही करत नाही. आपण सांगू तेवढंच करतो. काही चुकलं तर आपलं चुकलं समजायचं."

"मगे आधीचो काय वायट होतो?" ती म्हणायची. "तो सगळा आपणाहून करी."

पण दहाच्या दहा प्रयोग मी स्वतः केले. पाचव्याचं उत्तर आलं अधिक सात. मी ते पाच वेळा चालवून पाहिलं, मग कागदावर हाताने सोडवलं. सातच. एखादी गोष्ट खरंच आपल्याला येते, हे मला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा कळलं आणि मी खोलीतल्या खोलीत नाचलो.

छापलेली पानं मी आईला दाखवली. तिने चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक रोमन अक्षर जुळवत वाचलं. प्रत्येक ओळीला तिची हाक. "माझां बोलणां पुस्तकात छापलस?" असं म्हणून ती इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. शेजारच्या काकूंना बोलावून तिने ती पानं दाखवली. काकूंना वाटलं, मी पहिला आलो.

जर्नल जमा करायच्या शेवटच्या दिवशी मी सरांसमोर उभा राहिलो. सरांच्या एका हाताला साठ जर्नलांचा ढीग आणि दुसऱ्या हाताला मास्टर कॉपी, म्हणजे टायगरच. ते माझं पान पाहायचे, मास्टर पाहायचे, पुन्हा माझं पाहायचे.

"यात टायगर कुठाय?"

"सर, मी माझ्या कॉम्प्युटरवर केलंय."

"ते ठीक. पण टायगर कुठाय?" मग पाचवा प्रयोग निघाला. "हे सात कुठून आणलंस? सगळ्यांचं उणे तीन आहे."

"सर, वेळ उणे कसा येईल?"

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. रागावलेही नाहीत. "हे बघ, एकोणसाठ मुलांचं एक येतं आणि तुझं एकट्याचं वेगळं येतं. कॉपी कुणी केली असेल? आउटपुट मॅच होत नाही. पाच वाजेपर्यंत नीट करून आण, नाहीतर सर्टिफिकेट नाही."

तेव्हा तीन वाजले होते. मी बाणेदारपणे काहीतरी बोललो असेन, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही इंजिनिअरिंग कॉलेज पाहिलेलं नाही. मी धावत झेरॉक्सच्या दुकानात गेलो, "टायगरवाला" म्हणालो, माझी पानं टराटरा काढली आणि टायगरची चिकटवली. पाचला दहा मिनिटं कमी असताना सही झाली. सर म्हणाले, "बघ, जमतं की." त्या तीन शब्दांची मला आजही लाज वाटते.

घरी आईने जर्नल उघडलं. सर्टिफिकेट पाहून तिला बरं वाटलं, मग ती आतली पानं उलटत गेली. शेवटपर्यंत गेली आणि परत पहिल्यापासून आली.

"माझां तां खंय गेलां रे?"

"ते होय?" मी बूट काढत म्हणालो. "ते कॉम्प्युटरने काढून टाकलं."

ती बरं म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

त्याच संध्याकाळी चिडून मी माझे दहाही प्रयोग वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. 'हे खरे आहेत, कुणाला हवे असतील तर घ्या.' एकाने अंगठा दाखवला. पुढच्या संदेशात कुणीतरी गोव्याचं ठरवत होतं.

पुढे मीही मास्तर झालो. शिव्या घालायला जन्मभर पुरेल असा विषय मला दुसरा कुठला मिळाला नसता. गेल्या वर्षी परीक्षक म्हणून मुलुंडच्या एका कॉलेजात गेलो. बाहेरून आलेल्या परीक्षकाला तिथे जावयासारखं वागवतात. गेल्या गेल्या समोसे आले, मग जर्नलांचा ढीग आला. मी पहिलं जर्नल उघडलं आणि समोसा खाली ठेवला. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला 'जेवूकये'. दुसऱ्यात तेच. चाळीसच्या चाळीस जर्नलांत तेच. मध्यंतरी झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून टायगर वाचता येईनासा झाला होता, तेव्हा कुणाच्या तरी मोबाइलमधून माझी पानं वर आली होती.

मी एका मुलाला विचारलं, "हे जेवूकये काय आहे?"

"सर, लिनक्सची कमांड आहे."

"काय करते?"

त्याने क्षणभर वर पाहिलं. "सर, वेटिंगमधल्या प्रोसेसला बोलावते."

मी त्याला पूर्ण गुण दिले.

बाहेर बाकावर एक मुलगी जर्नल छातीशी धरून बसली होती. तिला का बसवलंय, असं मी तिथल्या मॅडमना विचारलं. "सर, तिचं सर्टिफाय नाही केलं. आउटपुट मॅच होत नाही." मी जर्नल मागवलं. तिच्या कॉम्प्युटरचं नाव होतं 'चार्जरकुठाय'. सगळे प्रयोग तिचे स्वतःचे होते आणि दोन ठिकाणी तिने माझ्यापेक्षा चांगलं केलं होतं. मी तिला आत बोलावून समोर प्रोग्रॅम चालवायला लावला. उत्तर बरोबर आलं.

"मॅडम, सही करा," मी म्हणालो. "हे जेवूकये माझ्या आईचं आहे."

मॅडमना तो विनोद वाटला. त्या हसल्या आणि हसता हसता सही केली. मुलीने सहीवरून बोट फिरवलं, शाई पुसली जाते की काय म्हणून चटकन उचललं आणि थँक यू म्हणायचंही विसरून पळाली.

एका जर्नलचं पान मोबाइलवर टिपून मी घरी नेलं. आईने फोन लांब धरून वाचलं. चाळीस मुलांच्या जर्नलात आहे, मी सांगितलं. ती हसली, अगदी तेव्हासारखी. "चाळीस जणांक जेवूक बोलावलस? आधी सांगूचा तरी."

मग मी तिला त्या मुलीची गोष्ट सांगितली. सही झाली का, तिने विचारलं. झाली, म्हटलं. आणि आता सांगून टाकावं असं वाटलं म्हणून म्हणालो, "आई, तेव्हा माझ्या जर्नलातलं तुझं ते कॉम्प्युटरने नव्हतं काढलं. मी काढलं होतं."

"माका ठावक होता," तिने फोन माझ्या हातात दिला. "कॉम्प्युटर आपणाहून काय करणा नाय, असां तूच सांगलंस मा?"