जबरीनं घेतलेला अंगठा

ती गोष्ट अजून मनातून जात नाही. मी चौथी पास. पोलीस शिपायाचा जमादार झालो तो कामावर, कोणाच्या शिफारशीवर नाही. म्हणून माझी चूकही मीच लिहितो.

ऐंशीच्या पुढचा काळ. सावली तालुक्यातल्या धानपट्ट्यात माझी नेमणूक होती. धान कापून शेतात ढीग रचतात, त्याला आमच्याकडे पुंजणा म्हणतात. एका विधवा बाईचा पुंजणा भर दुपारी जळाला. बाई जन्माची मुकी-बहिरी. जाळणारा तिने डोळ्यांनी पाहिला होता. तिचा दीर तिला ठाण्यात घेऊन आला.

मुक्या माणसाचं म्हणणं घरच्याने सांगायचं, अशी आमची रीत. तिने दोनदा हात हलवला, दिराने अर्धं पान सांगितलं. बांधाच्या भांडणावरून शेजाऱ्याने आग लावली म्हणे. मी फिर्याद लिहिली. बाई अंगठा देईना, हात मागे ओढू लागली.

"भेली हाये, साहेब," दीर म्हणाला.

मी तिचं मनगट धरलं आणि अंगठा उमटवला. शेजारी कोठडीत गेला.

बाजाराच्या दिवशी एक म्हातारी बांगडीवाली ठाण्याच्या ओट्यावर येऊन बसली.

"जमादार भाऊ, शेजाऱ्यानं नाई, दिरानं जाळलं."

"तुले कोणं सांगितलं?"

"तिनंच."

"मुकीनं?"

"तुमच्यासाठी मुकी असन. माह्याशी दर बाजारी बोलते."

लग्न होऊन आली तेव्हापासून ती बाई हिच्याकडेच बांगड्या भरायची. नवरा गेला, बांगड्या सुटल्या. पाटीजवळ येऊन बसणं सुटलं नव्हतं.

मला रागच आला. लिहिलेली फिर्याद खोटी म्हणते म्हणजे काय! तरी बाईला बोलावून घेतलं, बरोबर आलेल्या दिराला बाहेर ठेवून दोघींना समोरासमोर बसवलं. बाईने डाव्या कोपराखाली बोट फिरवलं आणि त्यावर फुंकर मारली.

"तिथं पोळला म्हणते दीर."

दिराला आत बोलावलं. तो लांब बाहीचा सदरा घालून होता.

"बाही वर कर."

"काऊन, साहेब?"

"कर म्हणतो ना."

फोड फुटून कातडी सोललेली.

"चुलीनं पोळलं, साहेब."

"चूल कधीपासून फुकून राह्यला तू? बायको माहेरी गेली काय?"

त्याने सगळं कबूल केलं. धान गेलं की बाई शेत सोडून माहेरी जाईल, हा त्याचा बेत. पण पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही. शेजारी जामिनावर सुटला, तरी नावावरचा डाग बाईच्या साक्षीशिवाय निघणार नव्हता.

खटला दिरावर उभा राहिला. कोर्टात त्याच्या वकिलाने हरकत घेतली. "बाजारातली बाई दुभाषी? ही भाषा शिकली कोणत्या शाळेत?"

"वकीलभाऊ, वीस वर्सं तिचा हात माह्या हातात होता," म्हातारी म्हणाली. "तुमच्या मास्तरनं इतके दिवस धरला होता काय तुमचा?"

मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. म्हातारीला बाहेर पाठवून त्यांनी बाईच्या देखत टेबलावरची दौत डावीकडून उजवीकडे ठेवली. मग म्हातारीला आत बोलावलं. बाईचे हात चालले.

"साहेबानं दौत इकडची तिकडं ठेवली म्हणते. अन् वकीलभाऊच्या कोटाचं बटण लोंबून राह्यलं."

वकिलाचा हात कोटावर गेला. साहेबांनी म्हातारीला दुभाषी म्हणून शपथ दिली. बाईची प्रत्येक खूण जशी केली तशी लिहून घेतली, अर्थ त्याच्याखाली. अख्खी दुपार गेली.

शेवटी वकिलाने फिर्याद वर धरली. "यात शेजाऱ्याचं नाव आहे, खाली हिचा अंगठा आहे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "जमादार, हे म्हणणं कोणाचं?"

मी पुढे झालो.

"दिराचं, साहेब. अंगठा बाईचा. तो मी जबरीनं घेतला."

शेजाऱ्याचं नाव धुतलं गेलं. त्याने पुढे कधी माझा रामराम घेतला नाही. त्याचं बरोबरच होतं. पुढच्या नोकरीत, ज्याचं बोलणं मला समजत नसे, त्याचं कोणाला समजतं हे मी आधी शोधत गेलो. घरच्याला शेवटी विचारलं.

त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर बाईने माझ्याकडे पाहून हातांनी काहीतरी म्हटलं. मी म्हातारीला विचारलं, "काय म्हणते?"

म्हातारी पाटी डोक्यावर घेत म्हणाली, "मले काऊन विचारता? ती तं तुमच्या समोर उभी हाये."

मी टोपी काढली आणि बाईकडे वळलो.