भादव्यातली द्राक्षं

गेल्या रविवारी मी डोंगरउतारावरची द्राक्षबाग बघून आलो. आपल्याच परभणी जिल्ह्यात. हसू नका... जाताना मीही हसत होतो.

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, मास्तरकीतून रिटायर झाले. झरीला त्यांची वडिलोपार्जित चार एकर काळी जमीन आहे. ती विकायची आणि जिंतूरच्या पुढं डोंगरात निघालेल्या 'व्हिनयार्ड इस्टेट'मध्ये एक तुकडा घ्यायचा, असं त्यांच्या मनानं घेतलं. झरीच्या जमिनीला गिऱ्हाईकही तयार. फक्त साइट बघून टोकन द्यायचं बाकी होतं.

अक्कानं मला फोन केला. "तू जा त्यांच्यासंगं. माझं तर ऐकायलेच नाहीत." म्हणून मी कंपनीच्या एसी बसमध्ये बसलो. रिटायर मंडळी, दोन डॉक्टर, सेलूचे एक जिनिंगवाले... सगळी कापसात जन्मलेली माणसं.

साइटवर गॉगल लावलेला एक तरुण साहेब आमची वाटच बघत होता. "दिवसा ऊन, रात्री गारवा, उताराची निचऱ्याची मिनरल सॉइल. वेलीला आणखी काय पाहिजे, सर?" मिनरल सॉइल म्हणजे मुरूम. सोयरीक जमवताना आमच्याकडे ज्या माळाला कुणी जमिनीत धरत नाही, तोच हा माळ.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर चीड आणणारी गोष्ट. द्राक्षाच्या मुळाशी पाणी साचून चालत नाही, उतार मानवतो, मुरूमही मानवतो. पण पाणी साचलेलं चालत नाही आणि पाणी नसलं तरी चालतं, या दोन वाक्यांच्या मधे अख्खा उन्हाळा असतो... तो साहेबांनी गाळला होता.

शेततळं दाखवलं. निळं प्लास्टिक, काठोकाठ पाणी. भादव्यात आमच्याकडे खड्डासुद्धा शेततळ्याचा रुबाब करतो. जमीन बघायची ती वैशाखात, हे बसमधल्या प्रत्येकाला बापानं शिकवलेलं. पण एकजण बोलेल तर शपथ. सगळे सेल्फी काढण्यात दंग.

जेवणानंतर प्रत्येकाला द्राक्षांचा एकेक डबा मिळाला. "आपल्या इस्टेटचा पहिला बहर," साहेब म्हणाले. सगळ्यांनी तोंडात टाकली, गोड आहेत म्हणाले. मीही दहा-बारा खाल्ली, उगाच कशाला लपवू.

डबा हातात घेऊन मी कुंपणापर्यंत फिरत गेलो. पलीकडे पत्र्याच्या खोपीपुढं एक बाई भाकरी खात बसल्या होत्या. कलाबाई त्यांचं नाव. मी पाणी मागितलं, त्यांनी तांब्या भरून दिलं. गार होतं, गोड होतं. तसं म्हणालो तर म्हणाल्या, "आत्ता समद्यायलाच हाय, भाऊ. होळी झाल्यावर या."

नुसतं पाणी पिऊन कसं जायचं, म्हणून मी डबा पुढं केला.

"ही कुठून आणली?"

"या बागेतलीच की."

त्यांनी तोंडाला पदर लावला. "म्या याच बागेत खुरपायला हाय. आजून आक्टोबरची छाटणी व्हायचीय. मंग फुलोरा. संकरात झाल्यावर कुठं मण्यात पाणी भरतं. ही तुमच्या आधी गाडी करून आलीत."

मला माझीच लाज वाटली. रस्त्यावरून कापसावरचा लाल्या रोग ओळखणारी आमची जात... आणि भादव्यात द्राक्षं खाऊन गोड आहेत म्हणाली.

तेवढ्यात मला शोधत दाजी आले. मी द्राक्षांचं सांगितलं. "कोल्ड स्टोरेजची असतील. पाहुणचार आहे तो, त्यात काय एवढं?" एकदा फळ्यावर लिहिलेलं दाजी सहसा पुसत नाहीत. पण मास्तरच ते, प्रश्न विचारल्याशिवाय राहवेना.

"उन्हाळ्यात इथं पाणी कसं राहतं, बाई?"

"टँकर येतंय की, गुरुजी. वेलींसाठी." दाजी मास्तर आहेत हे कुणालाही पहिल्याच वाक्यात कळतं.

"आणि तुम्हाला?"

"डायवरला हात जोडले तर हंडाभर."

तरी दाजी म्हणाले, "पण जमीन द्राक्षाला चांगली आहे ना?"

"लय चांगली हाय. आमचीच व्हती ती."

दाजींनी हळूच विचारलं, "मग विकली कशाला?"

कलाबाईंनी उरलेली भाकरी फडक्यात बांधली. "पाणी असतं तर इकली असती का, गुरुजी?"

शिट्टी झाली तशा त्या खुरपं घेऊन कुंपणाच्या आत गेल्या. एकेकाळच्या स्वतःच्याच रानात, रोजानं.

परतलो तर साहेब फॉर्म आणि पेन घेऊन उभे. दाजींनी पेन बाजूला सारलं. "तुम्ही वैशाखात आमच्या झरीला या. विहिरीचं पाणी पाजतो." एवढं बोलून बसमध्ये जाऊन बसले.

मी मात्र गप्प बसलो नाही. द्राक्षांचं, टँकरचं सगळं बसमध्ये सांगितलं. जिनिंगवाले म्हणाले, "तुमाला तर देवाच्या प्रसादातबी खडा सापडतो." त्यांनी आणि आणखी सहा-सात जणांनी फॉर्म भरले होते. डबा मांडीवर घेऊन सगळे निवांत बसलेले... शिकलेल्या माणसाला फसवायला फार कष्ट पडत नाहीत, फक्त इंग्रजी नाव द्यावं लागतं.

झरीची जमीन राहिली. अक्कानं मला साडेतीन वेळा थँक्यू म्हटलं, चौथ्यांदा म्हणताना रडली. मी सांगितलं, ते माझं नाही, कलाबाईंचं.

खरं ते सांगून त्यांनी आमची जमीन वाचवली. त्यांची जमीन जात होती तेव्हा आमच्यासारखे सगळे बघे कुठल्या बसमध्ये बसले होते, कोण जाणे.