एकसुई वहिनीची जांभळी नळी

माझ्या थोरल्या वहिनीला आमची सगळी लॅब 'एकसुई' म्हणते. सव्वीस वर्षांत तिनं कुणाला दुसऱ्यांदा सुई टोचली नाही, अशी तिची ख्याती होती आणि ती ख्याती ती घरीदारी मिरवायची. माझी नोकरी तिच्याच शब्दावर लागलेली, त्यामुळे मला मुकाट ऐकून घ्यावं लागे. "भाऊजी, माझा हात चुकत नाही," हे तर दिवसातून चारदा.

त्या दुपारी ती वॉर्डातून एका शिक्षिकेचं रक्त घेऊन आली. बाईंचं आदल्या दिवशी थायरॉईडचं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर रक्तातलं कॅल्शियम कधी कधी घसरतं, म्हणून सर्जन फोनवर फोन करत होते. मी नळी मशीनला लावली. कॅल्शियम आलं चार पूर्णांक सहा. साडेआठच्या खाली गेलं की आम्ही कान टवकारतो. चारावर माणसाला झटके येतात, हृदय डळमळतं. मी शहाण्यासारखा लगेच फोन उचलला आणि आकडा वॉर्डाला सांगून मोकळा झालो. "शिरेतून कॅल्शियम द्यायची तयारी करा!" हे सर्जनचं ओरडणं फोनमधूनच ऐकू आलं.

मग पडद्यावर पोटॅशियम उमटलं. अकरा. चार-साडेचार असायला हवं. मी वहिनीकडे वळलो.

"वहिनी, बाई कशा होत्या गं?"

"ठणठणीत. मुलांच्या वह्या तपासत बसल्या होत्या."

"बोटांना मुंग्या? तोंडाभोवती?"

"विचारलं मी. नाही म्हणाल्या. का?"

"अकरा पोटॅशियमचा माणूस वह्या तपासत नाही. नळी कशी भरलीस?"

तिनं मशीनजवळची ती पिवळ्या टोपणाची नळी उचलून पाहिली.

"शीर फार बारीक होती," ती म्हणाली. "पिवळ्या नळीत रक्त कमी पडलं. जांभळीत होतं जरा जास्त. त्यातलं पिवळीत ओतलं."

जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून एक क्षार असतो. तो कॅल्शियम धरून ठेवतो आणि स्वतःतलं पोटॅशियम रक्तात सोडतो. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मला तिनंच शिकवलं होतं! एका सुईच्या हौसेपायी बाईंच्या जिवाशी खेळ. मला तिचा असा संताप आला. आणि बाकीचे आकडे न बघता फोन करणाऱ्या माझाही.

मी वॉर्डाला फोन लावला. लागेना. नको असलेलं कॅल्शियम भराभर शिरेत गेलं तर हृदयच अडखळायचं. वहिनीनं नव्या नळ्या उचलल्या आणि दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढायला लागली. मी मागोमाग.

"आणि खरंच कमी असेल तर?" मी विचारलं.

"म्हणून तर पुन्हा घ्यायचं," ती धापा टाकत म्हणाली.

वॉर्डात नर्सनं इंजेक्शन सलाईनच्या नळीला जोडलेलं होतं. अंगठा दट्ट्यावर.

"थांबा!" वहिनी दारातूनच ओरडली. "आकडा खोटा आहे. मी एका नळीतलं दुसरीत ओतलं. चूक माझी."

दहा माणसं तिच्याकडे बघत राहिली. सर्जननी बाईंच्या हृदयाचा आलेख पाहिला. तो नीट चालला होता.

"अर्ध्या तासात खरा आकडा द्या," ते म्हणाले. "तोवर मी इथून हलत नाही."

बाईंनी हात पुढे केला. "ताई, तुम्ही तर एकदाच टोचता म्हणे?"

वहिनीनं दंडाला पट्टा बांधला. पहिली सुई चुकली. दुसरीही चुकली. तिसरीला रक्त आलं, तेव्हा बाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. "माफ करा," वहिनी म्हणाली.

खरं कॅल्शियम निघालं आठ पूर्णांक तीन. नुसत्या गोळ्यांनी भागण्यासारखं. पोटॅशियम चार. ते इंजेक्शन तसंच ट्रेमध्ये परत गेलं.

रजिस्टरमध्ये मी 'नमुना खराब' लिहायला घेतलं. वहिनीनं पेन काढून घेतलं आणि स्वतःचं पूर्ण नाव घालून घडलं ते लिहिलं. मग मी खाली फोनची माझी घाई लिहिली. मला तिचा राग होता तो तिथंच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलेच एक आजोबा आले. बाही सरकवत म्हणाले, "एकसुई ती तूच ना, पोरी? म्हणून खास तुझ्याकडे आलो."

वहिनीनं शीर चाचपली. "नाही हो, आजोबा," ती म्हणाली. "लागलं तर दोनदा टोचीन."