हलका माल

पुण्याच्या गाडीत मी खिडकीशी बसले होते, मांडीवर आंब्याची लाकडी पेटी होती, आणि महिना जुलैचा होता. जुलैत आंब्याची पेटी घेऊन निघालेल्या मुलीकडे लोक कसे बघतात, ते मला त्या सकाळी रत्नागिरी स्टँडवर कळलं. कंडक्टर पेटीला हात लावून म्हणाला, "ही टपावर टाका." खाली खिडकीशी उभे असलेले बाबा एवढ्या मोठ्याने "अहो मास्तर, नको!" म्हणून ओरडले की पुढच्या सीटवरचं तान्हं मूल जागं झालं.

"त्यात आंबे नाहीत हो. कॉम्प्युटर आहे."

कंडक्टरने फळ्यांच्या फटीतून बाहेर आलेल्या पेंढ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं. "असू दे मांडीवर," म्हणाला, आणि तिकिटं फाडायला लागला. आईने खिडकीतून माझं बोट धरून ठेवलं होतं. गाडी मागे यायला लागली तेव्हा तिने ते सोडलं. बाबा मात्र गाडीबरोबर चालत "आडवी ठेव गो, उभी नको," एवढंच सांगत होते.

तुमच्यापैकी जे आपल्या गावातच राहिले, त्यांनी ही गोष्ट लग्नकार्यात बाबांच्या तोंडून ऐकली असेल. ते ती हसवायला सांगतात आणि सगळे हसतात. जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांच्यासाठी मी ती पुन्हा सांगते आहे, कारण बाबा त्यातला अर्धा भाग गाळतात.

आमचं घर पूर्णगडच्या अलीकडे, रस्त्यापासून पाखाडी चढून वर. पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. गाडी खाली रस्त्यावर राहते आणि सगळं सामान माणसाच्या खांद्यावरून वर येतं. आठवीत असताना श्रावणात याच पाखाडीवर मी शेवाळावरून घसरले आणि उजवा खांदा मोडून घेतला. बाबांनी मला पाठुंगळीला घेऊन खाली उतरवलं. खांदा जुळला, पण डॉक्टरांनी सांगून ठेवलं की यावर ओझं टाकायचं नाही. तेव्हापासून मला घरात पाण्याची कळशीसुद्धा कोणी उचलू दिली नाही.

आणि अशा मुलीने शिकायला काय निवडावं, तर भूगर्भशास्त्र. आयुष्यभर जांभा तुडवून त्या दगडाचीच ओढ लागली असावी. २००५ साली मला पुण्यात एमएस्सीला प्रवेश मिळाला. तिथे डोंगरदऱ्यांतून हिंडायचं, दगड गोळा करायचे, आणि ज्याने त्याने आपलं ओझं आपण उचलायचं. बाबांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. "खांदा दुखायला लागला की परत यायचं. लाजायचं नाही. मी कोणाला काही सांगणार नाही." ते हे इतक्या मायेने म्हणाले की मला भीतीच वाटली. अट मोडली तर बाबा रागावणार नव्हते. ते येऊन मला घरी घेऊन गेले असते, आणि मला पुण्यात राहायचं होतं.

कॉलेजने सांगितलं होतं की जमल्यास स्वतःचा लॅपटॉप आणा, फील्डवर नोंदी करायला बरा. आम्ही तिघं मारुती मंदिराजवळच्या एका दुकानात गेलो. दुकान विनयचं, म्हणजे बाबांच्या मित्राच्या मुलाचं. त्याच्याकडे तेव्हा दोनच लॅपटॉप होते. एक काळा, जाडजूड. दुसरा पातळ, करड्या रंगाचा.

"काका, हिला हा घ्या," विनय पातळ लॅपटॉपवर हात ठेवून म्हणाला. "एकदम हलका आहे."

आता इथे थोडं थांबते, कारण ज्यांच्या घरी आंब्याची कलमं नाहीत त्यांना पुढचं कळायचं नाही. आमच्या घरात 'हलका' हा शब्द शिवीच्या अलीकडचा होता. फळ हातात घेतलं की बाबा डोळे मिटतात आणि तळवा किंचित वरखाली करतात. भरलेलं फळ हाताला ओढतं. कोवळं फळ हलकं लागतं, पाण्यात टाकलं तर तरंगतं, आणि पिकायच्या आधी सुरकुततं. अशी फळं बाजूच्या टोपलीत जातात. त्या टोपलीला नाव 'हलका माल'. बाबांनी तसं फळ पेटीत कधी घातलं नाही. माणसांनासुद्धा ते हीच फूटपट्टी लावत, आणि एखाद्या माणसाला त्यांनी 'हलका' म्हटलं की तो विषय तिथेच मिटायचा.

"हलका कशाला?" बाबा म्हणाले. "चांगला दाखव."

"काका, चांगलाच आहे. हलका आहे म्हणून तर दुसऱ्यापेक्षा महाग आहे."

हलक्याला जास्त दाम! बाबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की हा मुलगा आपल्याला फसवतोय आणि तू गप्प काय बसल्येस. मग त्यांनी तो पातळ लॅपटॉप तळव्यावर घेतला, डोळे मिटले आणि हात वरखाली केला. पाठीवर बोटाने टकटक केलं. आणि मी शपथेवर सांगते, त्यांनी त्याचा वास घेतला. आईने पदर तोंडाला लावला.

"याला तबकडी घालायलाही जागा नाही," बाबा म्हणाले. "मग आत काय आहे?"

काळा लॅपटॉप त्यांना बघताक्षणी पटला. त्याचं झाकण त्यांनी ट्रंकेसारखं चार वेळा उघडमीट केलं. मी हळूच म्हटलं की बाबा, तो मला जड होईल. त्यांनी काळ्याचं झाकण मिटलं. मग म्हणाले, "आणि हा हलका तिकडे बंद पडला तर कोणाकडे जाशील? तिथे तुझं कोण आहे?"

तेव्हा मला लॅपटॉपपलीकडचं काही दिसत नव्हतं, म्हणून मी चिडले. आता कळतं की त्या माणसापुढे दोन्ही वाटा भीतीच्याच होत्या. जड दिला तर पोरीचा खांदा जाईल, आणि हलका दिला तर परक्या गावात दगा देईल. आम्ही काहीच न घेता घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी आंब्याचा काटा बाहेर काढला. हापूस संपला होता, पण रायवळ, म्हणजे गावठी आंबे, अजून पडत होते. विनयने सांगितलेलं काळ्या लॅपटॉपचं वजन त्यांच्या लक्षात होतं. तेवढे रायवळ त्यांनी काट्यावर मोजले, माझ्या कॉलेजच्या बॅगेत भरले आणि बॅग माझ्या हातात दिली.

"आज दिवसभर ही खांद्यावर. जिथे जाशील तिथे."

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला?" आई म्हणाली.

"जमलं तर काळा. नाही जमलं तर बघू."

'बघू' म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं. पुणंच रद्द. म्हणून मी ठरवलं की आज तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. बॅग घेऊन मी शेजारी गेले, विहिरीवर गेले, पोस्टात गेले. पोस्टातल्या काकूंनी विचारलं, "काय गो बाय, शाळेत निघाल्येस काय?" दुपारपर्यंत खांद्यात ठणका सुरू झाला होता. चेहरा हसरा ठेवून मी पाखाडी चढायला लागले. मधल्या वळणावर, जिथून ना घर दिसतं ना रस्ता, तिथे मी थांबले आणि बॅग डाव्या खांद्यावर घेतली.

मागून बाबा येत होते. हातात कोयती होती, खालच्या आगरातून नारळ काढून आले असावेत. त्यांनी पाहिलं होतं. बॅग माझ्या खांद्यावरून काढून स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि माझ्यापुढे चालायला लागले. मला वाटलं, संपलं सगळं.

रात्री जेवताना ते ताटाकडे बघत म्हणाले, "विनयला सांग, तो हलकाच ठेव म्हणावं." मी आईकडे पाहिलं. आई आमटी वाढत होती, ती तशीच पळी धरून राहिली. हा शब्द बाबांच्या तोंडून तिरस्काराशिवाय आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. मग मला रडू आलं, आणि बाबा म्हणाले, "आता काय झालं? बापाने हलका दिलान म्हणून रडत्येस की काय?"

बॅगेतल्या आंब्यांचा रस वाळवून आईने साठं घातलं. पुढे कितीतरी दिवस ती आल्यागेल्याला ते देताना "हा आमचा काळा लॅपटॉप" म्हणून सांगायची.

हलका घेतला खरा, पण बाबांचा त्याच्यावर विश्वास बसला नव्हता. त्याच्याबरोबर आलेली गादीदार बॅग त्यांनी दोन बोटांत चिमटून पाहिली आणि बाजूला टाकली. हापूस ज्या तऱ्हेने मुंबईला धडधाकट पोचतो, त्याच तऱ्हेने हा पुण्याला जाईल. खाली पेंढा, वर पेंढा, चारी बाजूंनी पेंढा, आणि वरून फळ्या ठोकलेल्या. मी विरोध केला नाही. जे मागितलं होतं ते मिळालं होतं.

हॉस्टेलवर पेटी उघडायला हातोडी मागायला गेले आणि त्यावरून माझी सगळ्या मजल्याशी ओळख झाली. पेंढ्याच्या काड्या कीबोर्डच्या बटणांखाली गेल्या होत्या. त्या महिनोन्महिने निघत राहिल्या. खोलीतल्या मुली आधी त्यावरून हसल्या, मग मी 'सांगितलंन', 'दिलंन' म्हणते त्यावरून हसल्या. हळूहळू माझ्या बोलण्यातला तो 'न' गळून गेला. काड्या त्याच्यानंतरही निघत होत्या.

दर रविवारी फोन यायचा. बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला. "हलका कसा आहे?" लॅपटॉपचं ते नावच पडलं होतं. मी सांगायची, मजेत आहे. मग ते विचारायचे, "आणि ओझं काही वाटत नाही ना?" खांदा हा शब्द त्यांनी फोनवर कधीच उच्चारला नाही. मीही नाही. दगडांची पिशवी मी डाव्या हाताने उचलायला शिकले आणि हलका उजव्या खांद्यावर राहिला. दोन वर्षं खांद्याने तक्रार केली नाही.

एकदाच हलका बंद पडला, प्रबंध द्यायच्या आठवड्यात. मी फोनवर हमसून रडले. मला वाटलं बाबा म्हणतील, बघ, सांगत होतो. ते म्हणाले, "घाई करू नको गो. सारखं दाबून बघू नको. झाकून ठेव नि उद्या उघड." पेंढ्यात पिकायला घातलेल्या, आढीतल्या आंब्याबद्दल ते घरात आम्हाला हेच सांगत. मी झाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो सुरू झाला. त्यात बाबांचा सल्ला किती आणि यंत्राची लहर किती, ते मला अजून माहीत नाही.

आता मी बंगळूरमध्ये असते. भूजलाचं सर्वेक्षण करणाऱ्या एका कंपनीत नोकरी आहे, गळ्यात स्वाइप कार्ड आहे, वीकेंडला लाँड्री आणि सोमवारी सकाळी रिव्ह्यू मीटिंग. शेजारी कन्नडमध्ये बोलतात, ऑफिसात इंग्रजी, आणि भाजीवाल्याशी मी कसलीशी हिंदी बोलते. आंबा इथेही मिळतो. दुकानात मी अजून तळवा वरखाली करून बघते, आणि दुकानदाराला ते आवडत नाही.

यंदाच्या मे महिन्यात घरी गेले होते. नेहमीप्रमाणे बाबा खाली रस्त्यावर उभे होते. नेहमीप्रमाणे गाडीतून पाय खाली टेकायच्या आत त्यांनी लॅपटॉपची बॅग माझ्या खांद्यावरून काढून घेतली. मला ते कधीच उचलू देत नाहीत. आम्ही पाखाडी चढायला लागलो. ते पुढे, मी मागे, आणि ते कलमांबद्दल, त्यांच्यावर यंदा पडलेल्या तुडतुड्याबद्दल बोलत होते. मधल्या वळणावर त्यांचं बोलणं थांबलं. पाय थांबले. त्यांनी बॅग उजव्या खांद्यावरून काढली आणि डाव्यावर घेतली. मग पुन्हा तुडतुड्याबद्दल बोलायला लागले. मी पाहिलं होतं.

परत आल्यावर मी इथल्या एका मोठ्या शोरूममध्ये गेले. हलका आता थकला होता, बदलायला झालाच होता. सेल्समनने रॅम सांगितली, हार्ड डिस्क सांगितली, ऑफर सांगितली. मी म्हटलं, सगळ्यात हलका दाखवा. एकेक हातात घेऊन मी डोळे मिटत होते. त्याने विचारलं, "मॅडम, ट्रॅव्हल खूप असतं का?" मी म्हटलं, वर्षातून दोनदा घरी जाते, बस एवढंच. त्याला ते काही पटलं नाही. खाली रस्त्यापासून वर अंगणापर्यंतची ती पाखाडी त्याला कशी समजवायची? ज्या जागी पोचल्यावर आपलं ओझं आपल्या खांद्यावर कोणी राहू देत नाही, ते माझं घर आहे. म्हणून मी जे विकत घेते, ते आता बाबांच्या खांद्याला जमेल एवढं घेते.

रविवारी फोनवर सांगितलं की नवा घेतला.

"कसा आहे?"

"हलका."

"पहिल्यापेक्षा?"

"पहिल्यापेक्षा पुष्कळ."

मला वाटलं, आता टिकेल का म्हणून विचारतील.

"बरं झालं," बाबा म्हणाले. "गणपतीत येशील तेव्हा घेऊन ये. मी खाली रस्त्यावर येतो. पाखाडी निसरडी असेल, तू उचलू नको."