आठ पोर्टवाले साहेब

"हे आमच्या लेव्हलचं काम नाही," असं म्हणत ते साहेब बुटाच्या टोकाने आमच्या कॉम्प्युटरला ढोसत होते. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. विद्या वीतभर आणि ताठा हातभर.

अमळनेरजवळच्या कापसाच्या एका जिनिंगमध्ये मी वजनकाट्यावर बसतो. आमचा युनिक्सचा कॉम्प्युटर जुना, पण खमका. त्याला मागे सीरियल पोर्ट दोनच. एकात ट्रॉलीचा काटा, दुसऱ्यात प्रिंटर. गाठींचे नवे काटे जोडायचे म्हणून मालकांनी धुळ्याहून या साहेबांना बोलावलं. त्यांनी आठ पोर्टांचं कार्ड बसवलं, केळीच्या फणीसारख्या वायरी बाहेर काढल्या आणि झालं म्हणाले. मी म्हणालो, आधी तपासून बघू. तर मलाच चहा सांगायला पाठवलं, आणि तो चहाही नाक मुरडून प्याले.

पहिली ट्रॉली अर्धीच भरलेली होती. बटण दाबलं, पडद्यावर काही उमटेना. मशीन गरम होतंय, पुढची घ्या, असं साहेब म्हणाले. ती बाजूला काढली.

मागून अक्का आली. दरसालची आमची शेतकरीण, वर्षभराचा कापूस त्या एका ट्रॉलीत गच्च भरलेला. आता पडद्यावर आकडा आला, पण निम्मा.

"मना कापूस इतला कमी नही शे," अक्का म्हणाली.

"पाणी मारून आणला असेल, बाई," साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. "वाटेत वाळला."

आमच्याकडे याचा अर्थ एकच, तू चोर आहेस. अक्काचा चेहरा उतरला आणि माझं डोकंच फिरलं. तिची ट्रॉली खाली घ्यायला लावली आणि साहेबांना म्हणालो, आता तुम्हीच उभे राहा काट्यावर. ते पोट आत ओढून उभे राहिले. बटण दाबलं, तर पडद्यावर भरल्या ट्रॉलीचं वजन!

"साहेब, तुम्ही काही वाळलेले दिसत नाही," मी म्हणालो. सगळं आवार हसलं.

झालं होतं असं की जुन्या पोर्टला आणि नव्या कार्डाला या शहाण्याने एकच इंटरप्ट दिला होता, म्हणजे दोघांना मिळून एकच घंटी. ती कोणी वाजवली ते मशीनला कळेना. वजन आत अडकून राही आणि पुढचं आलं की मागचं बाहेर पडे. कार्डावरची जंपर नावाची एक पिटुकली टोपी मी इकडची तिकडे केली आणि सगळं सुरळीत झालं. तरी साहेब मशीनलाच भंगार म्हणत होते. पडलं तरी नाक वर!

अक्काचं वजन पुन्हा झालं, बरोबर आलं. तरी ती जाईना. दारात उभी राहिली.

"आते बठ्ठासना समोर सांगा, साहेब." चोरीचा आळ सगळ्यांदेखत घातला, तो सगळ्यांदेखतच मागे घ्यावा, एवढंच तिचं म्हणणं.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मशीनचा प्रॉब्लेम होता म्हणून हिला सांगा, असं मला म्हणाले आणि बॅग उचलून चालते झाले.

गेल्या महिन्यात ते वारले. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात, पण माझ्या तोंडून चांगला शब्द काही निघाला नाही. परवा अक्का कापूस घेऊन आली तेव्हा तिला सांगितलं.

"बिचारा," ती म्हणाली. मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "पन त्यानी सांगं नहीच."