जिन्याखालचं बटण

शिवणकाम करणाऱ्या मावशींचा संशय पहिल्या दिवसापासून वरच्या मजल्यावर होता. वर त्यांची धाकटी जाऊ राहायची. दोघींचं बोलणं बंद होऊन वर्षं लोटली होती, आणि विजेचा बोर्ड नेमका जिन्याखाली, दोघींच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर. जुने फ्यूज काढून तिथे ब्रेकर बसवले तेव्हापासून मावशींनी सकाळी इस्त्री तापवली की थोड्या वेळानं त्यांचं बटण खाली पडायचं. दुपारी मात्र कधी नाही. बटणाला काय वेळ कळते, असं त्या गिऱ्हाइकांना ऐकवायच्या, वरपर्यंत जाईल अशा आवाजात.

एका सकाळी इस्त्री चालू ठेवून त्या बोर्डासमोर स्टूल टाकून बसल्या. वर बादलीत पाणी पडत होतं. जिन्यावर कुणी फिरकलं नाही, तरी डोळ्यांदेखत खट्‌कन बटण पडलं. मावशी चरकल्या. मग त्यांना ब्रेकर बसवणाऱ्या वायरमनचाच संशय आला.

वायरमननं ब्रेकर तपासला आणि ठणठणीत असल्याचं सांगितलं. झेपेल त्याहून जास्त वीज ओढली की आतली पट्टी तापते, वाकते आणि बटण पाडते. म्हणून तर जरा वेळ लागतो. पूर्वीच्या फ्यूजमध्ये कुणीतरी जाडजूड तार कोंबली होती, ती वितळलीच नसती, घर पेटलं असतं. पण एकट्या इस्त्रीचं हे काम नव्हे. याच लाइनवर आणखी काहीतरी आहे.

मावशींना हेच हवं होतं. त्यांनी वायरचा माग काढायला लावला. ती थेट वरच्या गीझरला गेली होती.

त्या तरातरा जिना चढल्या. जावेनं दारातच सगळं ऐकून घेतलं.

"ताई, ही वायर भावोजींनी जोडून दिली. माझ्या बाळंतपणात आमची लाइन गेली होती तेव्हा. तिला सांगू नकोस म्हणाले."

मावशींच्या नवऱ्याला जाऊन काळ झाला होता. मेलेल्या माणसावर ढकलणं सोपं, असं त्यांच्या मनात आलं. पण वायरमननं जोड उघडला, तर चिकटपट्टीखाली मशीनचा काळा दोरा निघाला, घट्ट गुंडाळलेला. दिसेल ते दोऱ्यानं बांधायची खोड घरात एकालाच होती.

वायरमन गीझर जावेच्या लाइनवर घेत होता, तोवर मावशी वरच्या पायरीवर बसून राहिल्या. जावेनं न विचारता चहा आणून ठेवला.

"आणखी काय काय सांगू नकोस म्हणाले होते?" मावशींनी विचारलं.

जाऊ शेजारी टेकली.